उंचावरील कोरड्या शहरात तिसऱ्या वर्षी सुरू झालेली ॲलर्जी: परागकण, बुरशी की आणखी काही?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार.

समुद्रकाठच्या दमट शहरात चाळीस वर्षे काढल्यानंतर तीन वर्षांपूर्वी आम्ही सुमारे २००० मीटर उंचीवरील एका शहरात राहायला आलो. लहानपणापासून मला धुळीचे वावडे होते. माळ्यावरची गादी खाली काढली किंवा जुन्या पुस्तकांचे कपाट उघडले की ओळीने पंधरा-वीस शिंका ठरलेल्या असत. येथे आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो त्रास असा नाहीसा झाला की, डोंगरावरची हवा शुद्ध असते हे ऐकीव वाक्य मला स्वानुभवाने पटले, आणि पहिली दोन वर्षे मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतही होते.

या वर्षी मात्र सारेच पालटले. हिवाळा सरत आला होता, सावलीच्या बाजूचे बर्फ अजून वितळले नव्हते, झाडांवर पालवीचा पत्ता नव्हता, आणि नेमक्या अशा वेळी माझे डोळे चुरचुरू लागले, टाळूला आतून खाज सुटू लागली आणि शिंकांची माळ सुरू झाली. सेटिरिझिन ही ॲलर्जीवरची गोळी घेतली की दिवस बरा जात असे. पाच आठवड्यांनी शिंका थांबल्या, पण तोवर रात्री नाक चोंदू लागले होते, म्हणून औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्रास पुन्हा वाढला. या खेपेस खाज नाही, शिंका नाहीत, नुसते नाक बंद, आणि गोळीचा काडीचाही उपयोग नाही. थेंब तेवढे लागू पडतात. ते घेण्यास आता पाच महिने होत आले. गेल्या महिन्यापासून तिसराच प्रकार सुरू झाला आहे: दुपारी उशिरा पाऊस पडून गेला की त्या रात्री खोकला येतो आणि श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज होतो. हिवाळाभर नाकात खपल्या धरत होत्या आणि दोनदा घोळणा फुटला, ते वेगळेच.

अधिक गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, हवामानाच्या पानावर परागकणांची पातळी 'कमी' दाखवली जाते त्याच दिवशी मला पुष्कळदा सर्वाधिक त्रास होतो. हवा विरळ आणि कोरडी असताना ॲलर्जी वाढते कशी, दोन वर्षे काहीही न होता तिसऱ्याच वर्षी ती का उद्भवते, आणि हा त्रास परागकणांचा की बुरशीचा की केवळ कोरडेपणाचा हे ओळखायचे कसे, यावर अनुभवी आणि जाणकार मंडळींनी मार्गदर्शन करावे. पुन्हा खाली राहायला जावे असे घरी बोलले जाऊ लागले आहे, म्हणून जरा सविस्तर विचारते.

---

जुनेजाणते नाक

इतर प्रश्नांची उत्तरे माझ्यापेक्षा जाणती माणसे देतील. मला फक्त थेंबांबद्दल बोलायचे आहे, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः एक अख्खे वर्ष काढले आहे. आपण आणलेले थेंब ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन या जातीचे असतील, तर ते तीन ते पाच दिवसांपलीकडे घेऊ नयेत असे त्यांच्या वेष्टनावरच छापलेले असते. हे औषध नाकातील रक्तवाहिन्या आवळून धरते, त्यामुळे सूज पाच-दहा मिनिटांत ओसरते आणि माणसाला स्वर्ग दोन बोटे उरल्यासारखे वाटते. मात्र औषधाचा अंमल उतरला की त्याच रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. काही आठवड्यांनी मूळ आजार निघून गेलेला असतो आणि नाक फक्त थेंबांच्या अभावामुळे बंद होत राहते.

आपल्या दुसऱ्या त्रासात खाज नाही, शिंका नाहीत, नुसते नाक बंद आहे, हे वाचून मला तीच शंका आली. मी एकेका नाकपुडीचे थेंब बंद करत सुटलो: आधी उजवी दहा दिवस, मग डावी. पहिले चार दिवस वाईट गेले, पण निदान एका बाजूने श्वास घेता येत होता. हे मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केले होते आणि त्या काळात त्यांनी स्टेरॉइडचा फवारा दिला होता, हे सांगणे आवश्यक आहे.

---

काचपट्टी

हवेतील परागकण आणि बुरशीचे बीजाणू मोजण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. औषधांविषयी मी बोलणार नाही, हवेविषयी बोलतो.

आधी 'कमी पातळी'चे कोडे. मोजणीसाठी जे यंत्र सर्वाधिक वापरले जाते, त्याची मूळ रचना हर्स्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९५२ मध्ये केली. ते मिनिटाला १० लिटर हवा एका फटीतून आत ओढते, म्हणजे साधारण शांत बसलेला माणूस ओढतो तेवढी, आणि त्या हवेतील कण चिकट पट्टीवर आदळून अडकतात. नंतर ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून माणूस एकेक कण ओळखतो आणि मोजतो. यावरून दोन गोष्टी लक्षात याव्यात. आज आपण वाचता तो आकडा कालच्या हवेचा असतो; आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजणी न करता हवामानावरून केवळ अंदाज छापला जातो. शिवाय पानावर 'परागकण' असा शब्द असेल, तर त्यात बुरशी बहुधा धरलेलीच नसते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या मोजपट्टीत गवताचे परागकण घनमीटरमागे २० झाले की पातळी 'जास्त' समजतात, तर बुरशीच्या बीजाणूंसाठी तीच पायरी १३,००० वर येते. एवढ्या भिन्न मापाच्या दोन गोष्टींना एका रंगीत चौकोनात बसवणारी पाने मी स्वतः पाहत नाही.

आता उंची. उंचीवर हवा शुद्ध असते हा समज जुना आहे. एकोणिसाव्या शतकात गवतज्वराचे, म्हणजे परागकणांमुळे होणाऱ्या ॲलर्जीच्या सर्दीचे, श्रीमंत रुग्ण उन्हाळा घालवण्यासाठी डोंगरात जात असत, आणि त्यातील काहींना बरेही वाटत असे, कारण ज्या वनस्पतीचे त्यांना वावडे होते ती तेथे नसे. पण त्याच काळात चार्ल्स ब्लॅकली या इंग्रज डॉक्टराने, ज्याला स्वतःलाच हा विकार होता, चिकट काचपट्ट्या पतंगांना बांधून वर सोडल्या आणि हजार फुटांहून अधिक उंचीवरही परागकण सापडतात हे दाखवले. त्याचे पुस्तक १८७३ चे आहे. मुद्दा असा की वाऱ्यावर पसरणारा परागकण जेमतेम २० ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्याला चढ-उताराची क्षिती नसते. डोंगराळ प्रदेशात तर दिवसा तापलेल्या उतारांवरून वारा वर चढतो आणि रात्री थंड हवा उतारावरून खाली दरीत घरंगळते. त्यामुळे 'सकाळी बाहेर पडू नका, संध्याकाळी चालेल' हा सपाट प्रदेशातील सल्ला येथे जसाच्या तसा लागू होईलच असे नाही.

आपला पहिला त्रास मला ज्युनिपर-सायप्रस या सूचिपर्णी झाडांच्या कुळाचा वाटतो. पालवीची वाट न पाहता हिवाळ्याच्या अखेरीस परागकण सोडणारी, कोरड्या डोंगरउतारांवर माजणारी ही झाडे आहेत. नर झाड तांबूस-पिवळट दिसू लागते आणि वाऱ्याची झुळूक आली की त्यातून धूर निघाल्यासारखा भास होतो. याच्या उलट, पुढे काही आठवड्यांनी गाड्यांच्या टपांवर जी पिवळी पूड साचते आणि जिला सगळे शहर दोष देते, ती बहुतांशी पाइनची असते. तिचे कण मोठे, दोन बाजूंना हवेचे फुगे असलेले, आणि ॲलर्जीच्या दृष्टीने बहुधा निरुपद्रवी असतात. डोळ्यांना दिसते ते निर्दोष आणि दिसत नाही ते दोषी, असा हा उफराटा न्याय आहे.

फुलोऱ्याच्या वेळेबद्दल हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये मांडलेला एक ठोकताळा उपयोगी पडतो: दर ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, उंचीमागे वसंत चार दिवसांनी लांबतो. याचा अर्थ, आपल्याहून ६०० मीटर खाली असलेल्या गावात जी झाडे आज फुलली आहेत, तीच आपल्याकडे साधारण वीस दिवसांनी फुलतील. कामानिमित्त वर-खाली जाणाऱ्या माणसाला एकच हंगाम दोनदा भोगावा लागतो तो यामुळेच. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मग तणांची पाळी येते: दवण्याचे भाऊबंद असलेली आर्टेमिसियाची झुडपे, चाकवताच्या कुळातील रानटी तणे, आणि गाजरगवताचे जवळचे नातलग असलेले रॅगवीड. कोरड्या, उकरलेल्या, ओसाड जमिनीवर ही सारी मंडळी सुखाने नांदतात.

बुरशीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की तिला ओल हवी, म्हणून कोरड्या शहरात ती नसणार. वाढायला तिला ओल लागते हे खरे, पण बीजाणू उडवण्याच्या रीती दोन आहेत. आल्टर्नेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या बुरशींचे बीजाणू वाळत आलेल्या पानांवर व गवतावर धरतात आणि कोरड्या, उष्ण, वाऱ्याच्या दुपारी सुटतात. आल्टर्नेरियाचा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा गदेसारखा दिसतो, एकदा पाहिला की विसरत नाही. दुसरा गट पावसाच्या ओलाव्याची वाट पाहत बसलेला असतो आणि सर येऊन गेल्यावर, विशेषतः रात्री, बीजाणू अक्षरशः उडवून देतो. पावसाने परागकण धुऊन निघतात, त्यामुळे हवामानाच्या पानावर 'कमी' लिहिले जाते, आणि नेमकी त्याच रात्री हवा या दुसऱ्या गटाच्या बीजाणूंनी भरलेली असते. आपला तिसरा त्रास मला तूर्त यातच बसतो.

जेथे बर्फ साठतो तेथे आणखी एक गोष्ट घडते. बर्फाच्या थराखाली, न गोठलेल्या मातीला लागून, गवतावर राखाडी किंवा गुलाबी रंगाची बुरशी वाढते. बर्फ वितळला की तिची कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे हिरवळीवर दिसतात. ती वाळल्यावर दाताळ्याने खरवडण्याचे काम ज्याला बुरशीचे वावडे आहे त्याने करू नये.

---

मधमाशी

आपल्याच परिसरातील मध रोज चमचाभर घेतल्यास तेथील परागकणांची शरीराला हळूहळू सवय होते, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. करून पाहण्यास हरकत नसावी.

---

काचपट्टी

मध आवडीने जरूर खावा, पण मधमाशी ज्या फुलांवर जाते त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात. ते माशीच्या अंगाला चिकटावेत अशीच निसर्गाची योजना आहे. ॲलर्जी घडवणारे परागकण मुख्यतः वाऱ्यावर विसंबलेल्या वनस्पतींचे, म्हणजे गवताचे, ज्युनिपरचे, तणांचे. या झाडांना रंग नाही, गंध नाही, मध नाही, आणि माशीला त्यांच्याकडे फारसे कामही नाही. मधात त्यांचा अंश आला तरी तो नगण्य आणि बिनमापाचा असतो. क्रमाक्रमाने सवय लावण्याची कल्पना मुळात चुकीची नाही, पण तिच्यासाठी मोजून दिलेली मात्रा लागते. त्याविषयी वैद्यकातील कोणी लिहील.

---

कानामात्रा

माझे टोपणनाव व्याकरणातले असले तरी व्यवसाय कान-नाक-घशाचा आहे. येथे निदान करता येत नाही आणि करूही नये, परंतु आपल्या कथनात काही धागे इतके स्पष्ट आहेत की त्यांच्याविषयी बोलता येईल.

धुळीची ॲलर्जी वर आल्यावर गेली, यात नवल नाही. घरातल्या धुळीतील मुख्य अपराधी म्हणजे गादी-उशीत राहणारे धूळकिडे. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून जगतात, आणि सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की सुकून मरतात. म्हणूनच सुमारे १५०० मीटरच्या वरच्या कोरड्या प्रदेशात ते विरळ होत जातात. स्वित्झर्लंडमधील सुमारे १५६० मीटर उंचीवरच्या दावोसला दम्याच्या रुग्णांना पाठवण्याची जी परंपरा आहे, तिच्यामागे हे एक सबळ कारण आहे. तेव्हा आपण डोंगरावर येऊन बऱ्या झालात हे खरेच होते. फक्त ते एका ॲलर्जीपुरते खरे होते.

दोन वर्षांची उसंत मिळाली तिचेही कारण आहे. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. नव्या परागकणाची शरीराशी ओळख व्हावी, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार व्हावीत आणि ती नाकातील पेशींवर जाऊन बसावीत, यात एक ते काही हंगाम जातात. लक्षणे दिसतात ती त्यानंतरच्या हंगामात. (या आयजीईचा शोध १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने जेथे लावला ते अमेरिकेतील डेन्व्हर शहर १६०९ मीटर उंचीवर आहे. हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) ज्याची प्रकृती मुळात ॲलर्जीची आहे, त्याला नव्या प्रदेशात नवे वावडे जडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

परागकण की कोरडेपणा, हे ओळखताना खाजेला प्रथम विचारावे. डोळे, टाळू आणि नाक खाजत असतील, शिंका ओळीने येत असतील, पाण्यासारखा स्राव होत असेल, तर ॲलर्जी संभवते. नुसत्या खपल्या, आग, घोळणा फुटणे आणि जाड कफ घशात उतरणे हा कोरड्या हवेचा परिणाम असू शकतो. २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एकपंचमांशाने कमी असतो हे खरे, परंतु नाक सुकवण्यात थंडी आणि घर तापवण्याची सोय यांचा वाटा मोठा असतो: शून्य अंशाची बाष्पाने पूर्ण भरलेली हवादेखील घरात आणून २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. यावर मिठाच्या पाण्याचा फवारा आणि नाकपुडीच्या तोंडाशी साधे मलम बहुधा पुरते. नाक धुण्यासाठी पाणी उकळून गार केलेले किंवा ऊर्ध्वपातित घ्यावे. नळाचे थेट वापरू नये, कारण त्यातील काही सूक्ष्मजीव पोटात गेले तर निरुपद्रवी ठरतात, नाकातून वर गेले तर प्राणघातक ठरू शकतात.

औषधांच्या बाबतीत, सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या खाज, शिंका आणि स्राव यांवर चांगल्या चालतात. चोंदलेल्या नाकावर त्यांचा प्रभाव बेताचा असतो. म्हणून आपली गोळी वसंताच्या आरंभी लागू पडली आणि नंतर पडली नाही, यावरून ती 'निकामी झाली' असा निष्कर्ष काढू नये; आजाराचे स्वरूप बदलले होते. थेंबांविषयी वर लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. चोंदण्यावर खरा इलाज नाकातील स्टेरॉइडचा फवारा, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. मात्र त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास एक ते दोन आठवडे लागतात. लोक तीन दिवसांत तो सोडून देतात आणि थेंबांकडे वळतात. फवारताना बाटलीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नसावे, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाह्य कोपऱ्याकडे असावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की हे आपोआप साधते, आणि घोळणा फुटण्याचे प्रमाणही कमी होते.

सर्वांत महत्त्वाचे ते छातीतल्या शिट्टीविषयी. ती 'नाकाचा त्रास खाली उतरला' म्हणून सोडून देऊ नका. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळी पावसाबरोबर दम्याची जी लाट आली तिच्यात दहा माणसे दगावली, आणि त्या दिवशी धाप लागून आलेल्यांपैकी कित्येकांना आधी गवतज्वर होता, पण दम्याचे निदान झालेले नव्हते. ओलाव्याने फुटलेल्या परागकणांचे तुकडे नाकात न अडकता थेट फुप्फुसांत पोहोचतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आल्टर्नेरियाचे वावडे आणि दम्याचे तीव्र झटके यांचा संबंधही सुपरिचित आहे. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करून घ्या. चाचणी अर्ध्या तासाची आहे. त्वचेची चाचणीही करावी, आणि तिच्याआधी सुमारे आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळेच निकाल नकारात्मक येतात. किती दिवस, ते चाचणी करणाऱ्यांनाच विचारा. फवारा मात्र चालू ठेवता येतो.

मोजून दिलेल्या मात्रेबद्दल: लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क टोचून ही पद्धत सुरू केली. आज ती टोचून किंवा जिभेखाली देतात आणि साधारण तीन ते पाच वर्षे चालते. कशाचे वावडे आहे हे चाचणीने ठरण्याआधी तिचा विचार करू नये, आणि दमा आटोक्यात नसेल तर मुळीच करू नये.

---

ओलावा

घराविषयी कोणीच विचारले नाही, म्हणून मी विचारतो: आपल्याकडे पाण्याचा कूलर आहे का? कोरड्या उंच शहरांत तो फार सोयीचा असतो, पण त्याचे काम कसे चालते ते पाहावे. तो बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ओढतो आणि ती घरातून बाहेर जावी म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते. म्हणजे ज्या हवेपासून आपण दारे-खिडक्या लावून बचाव करू पाहतो, तीच हवा आपण पंख्याने घरात कोंबतो. शिवाय जाळी सतत ओली, पाणी साचलेले आणि त्यात उडत आलेली माती व परागकण, ही बुरशीची जवळजवळ शेतीच होय. आणि घरातील आर्द्रता वाढली की डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले धूळकिडे, जे वाटेत गळून पडले होते, पुन्हा गादीत संसार थाटू शकतात.

हिवाळ्यात वाफाऱ्याचे यंत्र लावत असाल तर त्यालाही हेच लागू. दहा-पंधरा दिवस नाक कोरडे झाले म्हणून आम्ही आमचे यंत्र रात्रंदिवस चालवले, आणि एके दिवशी पडद्यामागची खिडकीची चौकट काळी पडलेली दिसली. तेव्हापासून एक साधे आर्द्रतामापक विकत घेऊन भिंतीवर लावले आहे. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो, काचेवर पाणी धरू लागले की यंत्र बंद करतो, आणि टाकी रोज रिकामी करून कोरडी पुसतो. निजायच्या खोलीत हेपा गाळणीचे यंत्र असेल तर उत्तम. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते आणि बीजाणू त्याहून पुष्कळ मोठे असतात. पण यंत्र चालू आणि खिडकी उघडी असा प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे, त्याला काय म्हणावे.

---

पायवाट (सहा आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यानंतर मी एक वही केली आणि रोज पाच गोष्टी लिहीत गेले: खाज, चोंदणे, छाती, पाऊस-वारा आणि घरात काय चालू होते ते. त्यातून जे निघाले ते येथे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

थेंब सुटले. पहिला आठवडा अत्यंत कठीण गेला, पण अठराव्या दिवशी दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून झोपले. त्वचेच्या चाचणीत ज्युनिपर जोरात आले, आल्टर्नेरिया आले, धूळकिडे किंचित आले, आणि गवत मुळीच आले नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडचा तो दुसरा हंगाम, ज्याला मी गवताची ॲलर्जी समजून शिव्या देत होते, तो मी स्वतःच बाटलीतून नाकात घालत होते. स्पायरोमेट्रीत श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यावर आकडा १२ टक्क्यांहून अधिक वाढला, आणि सौम्य दम्याचे निदान होऊन ओढायचे औषध सुरू झाले आहे.

'काचपट्टी' यांचा पावसाच्या रात्रींबद्दलचा तर्क मात्र वहीने पुरता खरा ठरवला नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत सात वेळा दुपारी पाऊस झाला. त्यांपैकी पाच रात्री छाती वाजली, दोन रात्री नाही. त्या दोन्ही रात्री वीज गेलेली होती. पाऊस पडून गेल्यावर ओल्या हवेत कूलर गार करत नाही, म्हणून आम्ही तो त्या दिवशी रात्रभर पूर्ण वेगाने चालवत होतो, हे वहीतले शेवटचे रकाने शेजारी ठेवल्याशिवाय माझ्या ध्यानात आलेच नसते. कूलर उघडला तेव्हा जाळीची मागची बाजू काळी आणि बुळबुळीत होती. आता तो बंद आहे. त्यानंतरच्या दोन पावसांत काही झाले नाही.

---

काचपट्टी

मोजणीपुढे तर्क हरला याचा मला आनंदच आहे. एवढेच सुचवतो की दोन पावसांवरून बाहेरच्या बीजाणूंना निर्दोष सोडू नये; पुढील वर्षीच्या वाऱ्याच्या कोरड्या दुपारीही वही चालू ठेवावी, कारण आल्टर्नेरियाची वेळ ती आहे.

---

कानामात्रा

छातीचे औषध बरे वाटले तरी मनाने बंद करू नका. खाली राहायला जाण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा असे मला वाटते: चाचणीत धूळकिडे किंचित का होईना आलेले आहेत, आणि दमट शहरात ते आपली वाट पाहत असतील, आता तर आपल्याला दम्याचे निदानही झाले आहे.

पुढच्या हंगामासाठी एक काम आजच करून ठेवा. ज्युनिपरची लक्षणे या वर्षी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस शोधा आणि त्याच्या दोन आठवडे आधी नाकाचा फवारा सुरू करण्याची नोंद ठेवा. एकदा नाक चिडले की पुढे थोड्या परागकणांनीही तेवढाच त्रास होतो, त्यामुळे आधी केलेला बंदोबस्त नंतरच्या दुप्पट औषधापेक्षा सरस ठरतो.

---

पायवाट

वही तेव्हा नव्हती, त्यामुळे तारीख सापडणार नाही असे वाटले होते. पण सेटिरिझिनची पहिली पट्टी घेतल्याची पावती पर्समध्ये निघाली: १६ फेब्रुवारी. आणि गोळी घेण्याआधी चार-पाच दिवस मी ते सर्दीवर ढकलले होते, हे नक्की आठवते. तेव्हा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर खूण करून ठेवली आहे.